उंटिणीचा आवाज

“चाचा, काटा बिघडलाय का?”

ट्रकचा ड्रायव्हर केबिनच्या खिडकीशी येऊन उभा राहिला होता. ट्रक केव्हाचा वजनकाट्यावर चढून थांबलेला, इंजिन बंद, समोरच्या काळ्या पट्टीवर लाल आकडा स्थिर झालेला. पावती मात्र बाहेर येत नव्हती. आत काटेवाले चाचा खुर्चीत पुढे वाकून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ड्रायव्हरला क्षणभर वाटलं, माणूस रडतोय.

चाचा हसत होते. मांडीवर डबा बांधायचं फडकं, फडक्याखाली मोबाइल. मोबाइलमध्ये मियाँजी नावाचे एक म्हातारे गृहस्थ हमामखान्यातून दुसऱ्याच कोणाचे तरी कपडे घालून बाहेर पडले होते. कपडे एका पहिलवानाचे होते, त्यामुळे विजार दर दोन पावलांना घसरत होती. आणि मागून येणारी त्यांची उंटीण लांब सुस्कारा सोडून म्हणाली होती, “आता हेही बघायचं राहिलं होतं.”

चाचांनी फडकं ओढलं, घसा खाकरला आणि पावतीचं बटण दाबलं. “काटा कशाला बिघडेल? आकडा स्थिर होऊ द्यावा लागतो,” ते कडक आवाजात म्हणाले. “घाई असेल तर घरी बसावं.”

ड्रायव्हर गुपचूप पावती घेऊन गेला. चाचांना उगाचच बोललो असं वाटलं. कान गरम झाले होते. या वयात, या पांढऱ्या दाढीनिशी, कामाच्या वेळेत.

लोखंडी सळया बनवणाऱ्या त्या कारखान्यात चाचांची सगळी नोकरी काट्यावरच गेली होती. भंगाराचे ट्रक आत यायचे, सळयांचे बाहेर जायचे. आत येताना वजन, बाहेर जाताना वजन. हिशेबाला पक्के, बोलायला तिखट आणि कोणाचं ऐकून न घेणारे, अशी त्यांची ख्याती होती. मोहल्ल्यातही तेच. मशिदीच्या कमिटीवर ते होते आणि थोड्याच दिवसांपूर्वी जुम्म्याच्या नमाजानंतर उभं राहून त्यांनी पोरांना चांगलं झापलं होतं. मोबाइलमध्ये मुंडी घालून बसता, त्या खेळांनी तुमचं डोकं पोखरलंय, घरात आईबाप बोलतात ते तुमच्या कानावर पडत नाही. पुष्कळ बापांनी माना डोलावल्या होत्या.

खेळाची भानगड सुरू झाली डिस्पॅचच्या बाईंमुळे. बाई चाचांच्याच वयाच्या, बोलक्या, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर काही ना काही खेळत बसायच्या. एक दिवस डबा घेऊन केबिनमध्ये आल्या आणि म्हणाल्या, “चाचा, तुमच्यातलं आहे, जरा सांगा. सराई म्हणजे काय हो? हा म्हातारा सराईत शिरलाय आणि बाहेरच पडत नाही.”

“सराई म्हणजे मुसाफिरखाना. काफिले उतरतात तिथे,” चाचांनी सांगितलं. “कसला म्हातारा?”

बाईंनी दाखवलं. एका जुन्या शहरात मियाँजींना जुम्म्याच्या नमाजाला मोठ्या मशिदीत वेळेवर पोचायचं असतं, एवढीच गोष्ट. पण मशीद शहराच्या त्या टोकाला, मध्ये दरवाजेच दरवाजे, आणि मियाँजींचा स्वभाव असा की रस्ता कोणाला विचारायचा नाही. ‘विचारायचं काय त्यात? मला माहीत आहे,’ असं म्हणून ते छाती काढून निघतात आणि थेट कारंज्यात पडतात.

चाचा आधी भुवई चढवूनच बघत होते. आपल्या लोकांची टवाळी असेल, तर दोन शब्द सुनवायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. पण टवाळी सापडेना. अत्तराच्या बाजारात एका अत्तरवाल्याला सर्दी झाली होती आणि त्याला स्वतःच्याच बाटल्या ओळखता येत नव्हत्या. खुशनवीसाच्या, म्हणजे सुंदर अक्षरं लिहिणाऱ्याच्या, दुकानातून सगळे नुक्ते, अक्षरांवरचे ठिपके, मुंग्यांसारखे पळून गेले होते. ते पकडून अक्षरांवर बसवायचे आणि एखादा चुकीच्या जागी बसला की पाटीवर वाण्याचा न्हावी व्हायचा. सुरईत राहणारा एक जिन्न होता, त्याला अंधाराची भीती. तो दिवा मागायचा. मशिदी, कमानी, हौद हे मात्र सगळं इतक्या मायेनं काढलेलं की चाचा बघतच राहिले. वुजू करताना, नमाजाआधी हातपाय धुताना, मियाँजी बाही वर सारायचे तेव्हा उजवी नीट जायची, डावी दर वेळी खाली घसरायची. नमाजाला आत जाताना चोराच्या भीतीनं एक जोडा या कोपऱ्यात आणि दुसरा त्या कोपऱ्यात ठेवायचे.

“असतात असे लोक,” चाचा हसून म्हणाले होते. ते स्वतःही जोडे तसेच ठेवत. पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी बाईंनीच तो खेळ त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिला. “कोणाला सांगू नका,” चाचा म्हणाले.

“सांगून काय करू? सगळेच खेळतात.”

सगळे खेळत असतील, पण चाचा चोरून खेळायचे. केबिनमध्ये फडक्याखाली. घरी न्हाणीघरात, नळ सोडून, आवाज अगदी बारीक करून. एकदा बाहेरून बायकोनं दार वाजवलं, “अहो, पाणी वाया चाललंय.” चाचा बाहेर आले तर त्यांचे हात कोरडे ठणठणीत. तिनं हातांकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे, आणि काही न बोलता टॉवेल परत खुंटीला लावला. चाचांना त्या वेळी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा नळ सोडून बसले.

त्यांना सगळ्यात आवडायची ती उंटीण. मियाँजी बडबड करत पुढे, ती रडतखडत मागे. फार बोलायची नाही. बोलायची ते असं की हसू आवरायचं नाही. मियाँजी कारंज्यातून वर आले की ती म्हणायची, “आंघोळ झाली. चला.” तिचा तो थकलेला, आतून मिस्कील आवाज चाचांना ओळखीचा वाटायचा. कुठे ऐकलाय? रेडिओवरच्या कोणी बाई असतील, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग ते एका दरवाजाशी अडकले. चौकात पाच गल्ल्या फुटत होत्या आणि कोणत्याही गल्लीत शिरलं तरी मियाँजी फिरून चौकातच यायचे. चाचांनी बरेच दिवस डोकं लावलं. शेवटी डबा बाजूला सारून बाईंना विचारलं.

“अहो, सोपं आहे,” बाई म्हणाल्या. “म्हाताऱ्याच्या तोंडावर बोट दाबून धरायचं. तो बोलायचा थांबला की उंटीण बोलते. रस्ता तिला ठाऊक असतो, पहिल्यापासून.”

चाचांनी बोट दाबून धरलं. मियाँजींचे गाल फुगले, डोळे बाहेर आले. चौक शांत झाला. थोडा वेळ नुसता वारा. मग उंटीण म्हणाली, “डावीकडची गल्ली. भिंतीवर वेल आहे ना, ती.” जरा थांबून तिनं पुस्ती जोडली, “मघापासून सांगतेय.”

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“माझा तर संपला खेळ,” बाई पाणी पुढे करत म्हणाल्या. “मुद्दाम तुमच्यासाठी थांबले होते. शेवटी बनवणाऱ्यांची नावं येतात पडद्यावर. त्यात एक नाव आहे. पुढे वडिलांचं नाव तुमचं, आडनाव तुमचं. म्हटलं विचारावं, नात्यातली कोणी आहे का.”

त्यांनी आपला मोबाइल चाचांसमोर धरला. निळ्या आभाळावर पांढरी अक्षरं सावकाश वर सरकत होती. ‘गोष्ट आणि चित्रं’ असं लिहिलं होतं आणि त्याखाली चाचांच्या धाकट्या मुलीचं नाव होतं, पूर्ण, जन्माच्या दाखल्यावर आहे तसं. ते वर गेलं. मग आणखी काही अनोळखी नावं. मग एक ओळ आली : उंटिणीचा आवाज – अम्मी.

चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तोवर ओळ वर निघून गेली होती.

“तुमची मुलगी?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“अरे वा. आणि कधी एका शब्दानं बोलला नाहीत? मी तुम्हाला माझ्या मुलाचं सर्दी-पडसंसुद्धा सांगत असते.”

इथेच चाचांनी गप्प राहायला हवं होतं. निदान नंतर त्यांना तसं वाटत राहिलं. पण बाई कौतुकानं बघत होत्या, आणि त्यांना खरं काय ते सांगायचं म्हणजे फार मोठं सांगावं लागलं असतं.

“सांगायचं राहून गेलं,” ते म्हणाले. “मला माहीत होतंच. ते मियाँजींचं साफा बांधणं, वुजूची पद्धत, कमानी, ते सगळं मीच समजावलं तिला. म्हटलं, काढायचंच तर नीट काढ.”

“तरीच,” बाई म्हणाल्या. “तरीच एवढं बारीक जमलंय.”

खरं असं होतं. मुलगी औषधांचं शिक्षण अर्ध्यात सोडून दूरच्या शहरात चित्रं काढायच्या नोकरीला लागली, तेव्हापासून चाचा तिच्याशी घुश्शातच होते. काही वर्षांपूर्वी ती सुट्टीला आली तेव्हा बैठकीत कमिटीतले दोघे बुजुर्ग बसले होते. ती लॅपटॉप घेऊन दाराशी थांबली. बोलणं जरा थांबल्यावर पुढे येऊन म्हणाली, “अब्बा, एकच मिनिट बघता? काही चुकीचं तर दिसत नाही ना, तेवढं सांगा. तुम्ही बरोबर म्हणालात तरच पुढे देईन.” चाचांना एक घुमट दिसला, त्यापुढे मोठ्या नाकाचा एक दाढीवाला दिसला. त्यांनी झाकण खाली केलं. “हेच शिकलीस? आपल्या माणसांची टिंगल करून पोट भरणार?” बुजुर्गांपैकी एकजण म्हणालेसुद्धा, “बघू तर द्या, काय काढलंय पोरीनं.” त्यावर चाचा म्हणाले, “दाखवण्यासारखं असतं तर मीच दाखवलं असतं.” ते बोलणं मुलीसाठी नव्हतंच, बुजुर्गांसाठी होतं. मुलीनं लॅपटॉप उचलला आणि आत गेली. पुढे ती येत राहिली, फोनवर बोलत राहिली. तब्येत कशी आहे, जेवलात का, उन्हाळा फार आहे. चाचाही तेवढंच बोलायचे, आणि सगळं ठीक चाललंय असं स्वतःला सांगायचे.

बाईंच्या पोटात गोष्ट राहणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांना डिस्पॅचमध्ये चहाला बोलावणं आलं. जाऊन बघतात तर हमाल, दोघं क्लार्क, वॉचमन, इतकंच काय, मॅनेजरही तिथे उभे. मॅनेजरांची मुलगी या खेळाच्या मागे वेडी होती म्हणे. “चाचा, छुपे रुस्तम आहात,” ते म्हणाले आणि त्यांनी हात मिळवला. एवढ्या नोकरीत मॅनेजरांनी हात मिळवायची ती पहिलीच वेळ. चाचांनी हात पुढे केला, पण तो त्यांना आपला वाटेना.

“आता तिला फोन लावून द्या,” बाई म्हणाल्या. “आम्हाला सगळ्यांना बोलायचंय.”

“ती कामात असेल.”

“असू दे. दोन मिनिटं.”

सगळे बघत होते. चाचांनी फोन लावला. बाईंनी तो त्यांच्या हातातून घेऊन स्पीकर सुरू केला आणि टेबलावर ठेवला. पलीकडे रिंग पुरती वाजलीही नसेल.

“अब्बा?” आवाज घाबरलेला होता. “काय झालं? अम्मी बरी आहे ना?”

बाप दिवसाउजेडी फोन करतो म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलंय, असंच तिला वाटलं होतं, आणि ते सगळ्यांना ऐकू आलं होतं.

“बरी आहे, बरी आहे,” चाचा घाईघाईनं म्हणाले. “ऑफिसातले लोक आहेत. तुझा खेळ… त्यांना बोलायचंय.”

बाईंनी लगेच ताबा घेतला. आपण कोण, खेळ कसा पूर्ण केला, जिन्नाची कशी दया आली, हे सगळं एका दमात सांगितलं. मुलगी हसली, आभार मानले, मॅनेजरांच्या मुलीचं नाव विचारून घेतलं. चाचा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे होते. आता आटपेल असं वाटत असतानाच बाई म्हणाल्या, “आणि तुझ्या वडिलांचं खरंच कौतुक बाई. साफा, वुजू, कमानी, सगळं त्यांनीच तुला समजावलं म्हणे. काल सांगत होते.”

चाचांनी डोळे मिटले.

फोनमध्ये लांब कुठेतरी पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. तेवढाच.

“हो,” मुलगी म्हणाली. “सगळं त्यांचं बघूनच काढलंय.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक हमाल चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, “म्हणजे ते मियाँजी म्हणजे आपले चाचाच की. तरी मी म्हणतोय, चाल कुठे बघितली.” मोठा हशा झाला. मॅनेजरही हसले. चाचाही हसले, कारण दुसरं काही सुचेना. डावी बाही मनगटावर घसरली होती. ती वर सारायला त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली सोडला.

दुपारभर ट्रक येत राहिले. चाचांनी एकही पावती चुकवली नाही. फडकं घडी करून डब्यात ठेवलेलं होतं, मोबाइल खणात. त्यांच्या मनात मात्र तो ‘हो’ पुन्हा पुन्हा उमटत होता. मुलीनं रागानं काही म्हटलं असतं तरी बरं झालं असतं. नाही म्हणाली असती, कसलं समजावणं, त्यांनी तर बघितलंही नाही, तर लोकांत शोभा झाली असती, पण हिशेब सरळ झाला असता. तिनं तर त्यांना पाठीशी घातलं. आईबापांनी पोरांना, पोरांनी आईबापांना पाठीशी घालायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. पण या घरात ते काम कायम तिनं आणि तिच्या आईनंच केलं, हे आज कळत होतं.

सुटीची वेळ झाली तशी ते डिस्पॅचमध्ये गेले. बाई पर्स भरत होत्या.

“बाई, एक सांगायचंय.”

“बसा ना.”

“उभा बरा आहे.” चाचांनी टेबलाची कड धरली. “मी तिला काही समजावलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. तुम्ही नाव दाखवलंत तेव्हा कळलं.”

बाईंचा हात पर्समध्येच थांबला.

“ती दाखवायला आली होती. मी बघितलं नाही. लोकांसमोर बोललो तिला, नको ते. आज तिनं सांभाळून घेतलं मला, म्हणून तुम्हाला ते खरं वाटलं.”

बाई एरवी कधी गप्प बसायच्या नाहीत. आता त्यांनी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. “होतं हो असं घरोघरी,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी नाही कोणाला सांगणार.”

“सांगा,” चाचा म्हणाले. “मॅनेजरांनाही सांगा. मी स्वतः सांगितलं असतं, पण हे एकदाच सांगायचं बळ होतं.”

ते बाहेर पडले. बस न पकडता चालत निघाले. वाटेत टायरच्या दुकानाशेजारी एक बंद शटर होतं, त्याच्या पायरीवर ते टेकले आणि मुलीला फोन लावला.

“हां अब्बा.” या वेळी आवाज घाबरलेला नव्हता. तयारीत होता.

“मी खोटं बोललो ऑफिसात.”

“माहीत आहे.”

“मग तू हो कशाला म्हणालीस?”

“स्पीकर चालू होता ना, अब्बा.”

समोरून हातगाड्या, स्कूटर, शाळेच्या पिशव्या जात होत्या. आतल्या आत त्यांनी माफीची वाक्यं जुळवून बघितली. तोंडात आली तेव्हा ती वेगळीच होती. “तो खुशनवीसाचा दरवाजा आहे ना, तो फार चांगला झालाय. नुक्ते पळतात तो.”

“तुम्ही खेळलात?” तिनं विचारलं.

“खेळतोय. पाच गल्ल्यांपाशी अडकलो होतो बरेच दिवस. बाईंनी सांगितलं तेव्हा सुटलं.”

ती हसली नाही. तिला हसू आलं असावं, पण तिनं ते बापासमोर आवरायची सवय लावून घेतलेली होती.

“अम्मीनं कधी केलं हे?”

“तुम्ही कामावर गेल्यावर. रजई डोक्यावरून घेऊन बसायची, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून. मी इकडून सांगायची, अम्मी, अजून वैतागून म्हण. ती म्हणायची, वैतागायला मला वेगळं काही करावं लागत नाही गं.” मुलगी थांबली. “तिला फार मजा आली, अब्बा. तुम्हाला सांगायचं होतं तिला. मीच नको म्हटलं.”

“मी रोज ऐकत होतो,” चाचा म्हणाले. “तेच सगळ्यात आवडायचं मला. पण ओळखू आला नाही तिचा आवाज. मशिनवर बदललास का? काय केलंस त्याला?”

पलीकडे पुन्हा तो पंखा ऐकू आला.

“काही नाही केलं,” ती हळूच म्हणाली. “तसाच ठेवलाय.”

मग तिनंच विषय बदलला. उन्हात चालत जाऊ नका, पाणी पीत जा, असं काहीबाही म्हणाली. चाचांनी हो हो केलं. फोन ठेवताना ते म्हणाले, “पुढच्या वेळी येशील तेव्हा नवीन काय काढतेस ते घेऊन ये. लोक बसलेले असले तरी चालेल.” ती ‘बघते’ म्हणाली. हो म्हणाली नाही. ते चाचांच्या ध्यानात आलं, आणि तिचं बरोबरच आहे असं त्यांना वाटलं.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. चाचांनी जोडे काढले आणि आत आले. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येत होता. खिडकीतून ती शेजारणीशी बोलत होती, हातानं काहीतरी निवडता निवडता. शेजारणीच्या जावयाची गोष्ट चालली होती. जावई पाहुणचाराला येऊन आठवडा झाला तरी हलत नव्हता. “मग तू असं कर,” बायको म्हणत होती, “त्यालाच विचार, अजून किती दिवस आम्ही तुमच्याकडे राहायचं?” शेजारीण खिडकीतच कोसळून हसायला लागली. बायको हसत नव्हती. ती शांतपणे पुढची गोष्ट सांगत होती, त्याच थकलेल्या, आतून मिस्कील आवाजात.

चाचा बोळातच थांबले. रोज ते आल्या आल्या हाक मारायचे, चहा टाक म्हणायचे, दिवसभरात कोणता ड्रायव्हर कसा वागला ते सांगायला लागायचे. आज ते भिंतीला टेकून उभे राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. बायको भांडं ठेवायला वळली आणि तिला ते दिसले.

“कधी आलात? हाक नाही मारलीत?” तिनं पदराला हात पुसले. “चहा टाकते.”

“नको,” चाचा म्हणाले. “तू बोलत होतीस ना. बोल.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तब्येत बरी नाही की काय, असं तिला वाटलं असावं. मग काहीतरी समजल्यासारखी ती किंचित गोरीमोरी झाली, डोक्यावरचा पदर सारखा करत खिडकीकडे वळली आणि शेजारणीशी पुन्हा बोलू लागली. पण आता अगदी हळू. इतकं हळू की बोळात शब्द पोचत नव्हते. चाचा डब्याची पिशवी हातात धरून तिथेच उभे राहिले, मान थोडी पुढे करून.